चेन ढिली असेल तर डिस्ट्रीब्यूटर फिरवून काय होणार?

प्रति, संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या देखभालीवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला. जुन्या गाड्यांवर मराठीत कोणीतरी इतकं सविस्तर लिहितंय याचं खरंच बरं वाटलं, कारण आमच्यासारख्यांना वाचायला मिळतं ते सगळं बाहेरचं आणि तुटक तुटक. पण त्यातल्या दोन सल्ल्यांनी मला झोप लागली नाही. एक, गाडीचा पिकअप कमी झाला तर डिस्ट्रीब्यूटर (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटणारा भाग) थोडा फिरवून टायमिंग ऍडव्हान्स करा, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पाडा. आणि दुसरा, ऑईल कुठलंही चांगल्या कंपनीचं नवीन पातळ सिंथेटिक टाका, जुन्या जाड ऑईलचे दिवस गेले. ऑईलचं एका चौकटीत आणि टायमिंगचं दुसऱ्या चौकटीत, जणू दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. संबंध आहे आणि तो न समजल्यामुळे माझ्या गाडीचं इंजिन जवळजवळ गेलं होतं, म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे १९५९ ची मॉरिस मायनर १००० आहे, ९४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बीएमसीची ए-सिरीज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये असतो, पुढच्या बाजूला टायमिंग कव्हरच्या आत एक सिंगल चेन, तिचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्या चेननेच क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, कॅमला फिरवतो. कॅमच्या स्प्रॉकेटला (चेन बसते त्या दातांच्या चाकाला) क्रँकच्या दुप्पट दात, म्हणून क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. आणि कॅमवरच्या एका तिरक्या गिअरवरून डिस्ट्रीब्यूटर फिरतो, तर कॅमच्याच मागच्या टोकावरून ऑईल पंप. हे वाक्य परत एकदा वाचा. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, ठिणगी कधी पडायची आणि ऑईल किती उचललं जाणार, हे तिन्ही त्या एका कॅमवर आणि त्याला फिरवणाऱ्या एका चेनवर आहे.

झालं असं की गाडी खालच्या स्पीडला ओढायची बंद झाली. चढावर तिसऱ्या गिअरला जी आरामात जायची ती दुसरा मागायला लागली. मी एका मेकॅनिककडे नेली, माणूस मनापासून काम करणारा होता, त्याने इंजिन चालू ठेवून कानाने ऐकत डिस्ट्रीब्यूटर थोडा फिरवला आणि गाडी लगेच हलकी वाटली. मी खूश. चार महिन्यांनी परत तेच, परत थोडा फिरवला. तिसऱ्या वेळेला डिस्ट्रीब्यूटर इतका फिरला होता की व्हॅक्यूमची नळी ताणली जायला लागली. तेव्हा तरी मला कळायला पाहिजे होतं की आपण काहीतरी लपवतोय. मग गरम इंजिन मंद चालू असताना पुढून साखळी पत्र्यावर घासल्यासारखा खरखर आवाज यायला लागला, आणि एके दिवशी सिग्नलला उभा असताना ऑईलचा दिवा मिणमिणला. त्याच दिवशी गाडी घरी आणून उभी केली आणि उघडायचं ठरवलं.

आता हे का झालं ते सांगतो कारण लेखात नेमकं हेच नाहीये. चेन ताणली गेली असं आपण म्हणतो पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही, चेनच्या प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढा प्ले येतो, आणि पन्नासेक सांध्यांचा मिळून चेन लांब होते. चेन लांब झाली की कॅम क्रँकच्या मागे पडतो. कॅम मागे पडला की त्याच्यावरचा डिस्ट्रीब्यूटरही मागे पडतो, म्हणजे ठिणगी उशिरा आणि व्हॉल्व्हही उशिरा. तुम्ही डिस्ट्रीब्यूटर फिरवलात की ठिणगी जागेवर येते, म्हणून गाडी बरी वाटते. पण व्हॉल्व्ह तसेच उशिरा चालतात! इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला आत आलेलं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पिस्टन वर येताना परत मॅनिफोल्डकडे, म्हणजे आला त्या वाटेने, ढकललं जातं, कॉम्प्रेशन मार खातं आणि खालचा पिकअप जातो. यात कॅम १ डिग्री मागे म्हणजे क्रँकच्या हिशोबात २ डिग्री. तर ठिणगी सुधारून तुम्ही अर्धा आजार झाकला आणि खरा आजार, म्हणजे चेन, तशीच झिजत राहिली.

मग करायचं काय? डिस्ट्रीब्यूटरला हात लावण्याआधी एक तपासणी करा, पाच मिनिटं लागतात आणि काही उघडावं लागत नाही. प्लग काढून टाका म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. डिस्ट्रीब्यूटरची कॅप काढा. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून सरळ दिशेने थोडं फिरवा, पुलीवर आणि कव्हरवर खडूने रेघ मारा. आता हळूहळू उलट फिरवायला लागा आणि दुसऱ्या कोणाला तरी रोटरवर, म्हणजे कॅपखाली फिरणाऱ्या तुकड्यावर, नजर ठेवायला सांगा. रोटर हलेपर्यंत पुली किती फिरली तेवढा एकूण ढिलेपणा. ५ डिग्रीच्या आत असेल तर चेन ठीक म्हणायची, १० च्या पुढे गेली तर कव्हर उघडायची वेळ झालेली आहे, मग पिकअप कसाही असो. माझ्या गाडीत १४ डिग्री निघाला. (यात डिस्ट्रीब्यूटरच्या गिअरचा थोडा प्ले पण येतो, पण तो इतका कधीच नसतो.) ज्यांच्याकडे स्ट्रोब लाईट (ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंगचा दिवा) आहे त्यांनी बघावं, ढिल्या चेनच्या इंजिनात आयडलिंगला टायमिंगची खूण एका जागी थांबतच नाही, थरथरत राहते.

टायमिंग कव्हर काढायचं म्हणजे रेडिएटर काढायचा, पुलीचा मोठा नट, ज्यात गाडी हाताने चालू करायचं हँडल अडकतं तो, त्याच्या लॉक वॉशरची दुमडलेली कड सरळ करून मग सोडवायचा. कव्हर काढल्यावर मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. या इंजिनात चेन ताठ राहावी म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटवर दातांच्या दोन्ही बाजूंना रबरी रिंगा असतात, चेनच्या कड्या त्यांच्यावर बसतात आणि ढिलेपणा शोषला जातो. माझ्या गाडीतली एक रिंग इतकी कडक झाली होती की बोटाने दाबली तर काचेसारखी तुटली. दुसरी तिथे नव्हतीच. चेनमध्ये नाही, कव्हरमध्ये नाही. मग गेली कुठे? टायमिंग कव्हरमधलं ऑईल परत खाली चेंबरमध्येच, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यातच, वाहून जातं, त्याच्याबरोबर तुकडे तुकडे होऊन ती चेंबरमध्ये गेली. आणि चेंबरमध्ये ऑईल पंपाची जाळी असते.

तिथेच माझ्या मनात ऑईल आणि टायमिंग एकत्र आले. इंजिन बाहेर काढलं (या गाडीत पंप क्लचच्या मागच्या प्लेटच्या आत असतो, त्यामुळे नाहीतरी काढावंच लागतं), चेंबर खाली उतरवला, आणि तळाला बोटभर काळा गाळ. त्यात जाळी बुडालेली. जाळी पुसली तर तिच्या डोळ्यांमध्ये ते काळे रबराचे तुकडे अडकलेले, नखाएवढे आणि त्याहून लहान, निम्मी जाळी बंद. म्हणजे पंपाला ऑईल मिळत नव्हतं, म्हणून दिवा मिणमिणत होता, आणि याची सुरुवात पुढच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या रबरी रिंगेपासून झाली होती. आणि आम्ही वर्षभर डिस्ट्रीब्यूटर फिरवत बसलो होतो.

हे फक्त माझ्या गाडीचं नाही. १९६० च्या दशकापासून कितीतरी अमेरिकन व्ही-८ इंजिनांमध्ये आवाज कमी यावा म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला नायलॉनचे दात होते. ते नायलॉन गरमीने ठिसूळ होतं, दात तुटतात आणि तसेच खाली जाऊन पंपाच्या जाळीत बसतात. दुसरी तऱ्हा म्हणजे जिथे चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताठ ठेवणारा भाग, ऑईलच्या प्रेशरवर चालतो ती इंजिनं, जॅग्वारचं १९४८ चं प्रसिद्ध एक्सके इंजिन घ्या, पुढे त्याच्या खालच्या चेनला असाच टेन्शनर आला. त्यात ऑईलचं छोटं छिद्र गाळाने बंद झालं की टेन्शनर ढिला, चेन ढिली, टायमिंग बिघडलं. म्हणजे एका इंजिनात टायमिंगच्या पार्टने ऑईल बंद पाडलं आणि दुसऱ्यात ऑईलने टायमिंग बिघडवलं. म्हणून म्हणतो दोन्ही कामं एकत्र करा, पुढचं कव्हर उघडलं तर चेंबर उतरवल्याशिवाय बंद करू नका.

कव्हर परत लावताना तीन गोष्टी आहेत ज्या मी स्वतः हाताने केल्यात म्हणून ठामपणे सांगतो. दोन्ही स्प्रॉकेटवर एक एक ठिपक्याची खूण असते, चेन चढवल्यावर त्या दोन खुणा समोरासमोर आणि दोन्ही शाफ्टच्या मधून जाणाऱ्या सरळ रेषेवर आल्या पाहिजेत. नुसतं डोळ्याने बघू नका, स्टीलची पट्टी लावा, एक दात चुकला तरी डोळ्याला फारसं कळत नाही. दुसरं, क्रँक स्प्रॉकेटच्या पुढे पत्र्याची एक बशी असते, ऑईल थ्रोअर, ती ऑईल सीलपासून ऑईल लांब फेकते. तिच्यावर एफ अक्षर असतं ती बाजू पुढे, म्हणजे कव्हरकडे. उलटी बसली की नवीन सील टाकूनही गळतं आणि मग लोक सीलच्या नावाने बोटं मोडतात. आणि तिसरं, कव्हरचे बोल्ट आधी ढिलेच ठेवायचे, सीलला ऑईल लावून पुली आत घालायची म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं, मग बोल्ट आवळायचे. आधी बोल्ट आवळून मग पुली ठोकली की सील एका बाजूला दाबलं जातं आणि महिन्याभरात खाली ठिपके दिसायला लागतात. कव्हरचा पत्रा बोल्टच्या भोकांपाशी आत दबलेला असतो तो पण सपाट लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करून घ्या, गॅस्केट कितीही चांगलं आणलं तरी वाकड्या पत्र्यावर ते बसत नाही.

आता ऑईल प्रेशर. एक गैरसमज सगळीकडे आहे की पंप प्रेशर तयार करतो. पंप फक्त ऑईल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीतून ऑईलला बाहेर पडायला त्रास होतो म्हणून. क्रँक आणि बेअरिंगमधली फट नव्या इंजिनात साधारण एक ते अडीच थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर). त्या फटीतून बाहेर सांडणारं ऑईल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली तर ऑईल दुप्पट नाही, आठपट सांडतं. त्यामुळे बेअरिंग झिजलेल्या इंजिनात नवीन पंप टाकून प्रेशर आलं तरी ते फार दिवस राहत नाही, आणि उलट बेअरिंग चांगले असताना नुसता रिलीफ व्हॉल्व्ह अडकल्यामुळे प्रेशर गेलं तर लोक उगाच इंजिन फुल रिबिल्ड करायला काढतात.

रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे एक स्प्रिंग आणि एक छोटा प्लंजर, प्रेशर ठराविक पेक्षा जास्त झालं की उघडतो आणि ऑईल परत चेंबरमध्ये सोडतो. ए-सिरीजमध्ये ब्लॉकच्या मागच्या बाजूला एक मोठा घुमटासारखा नट आहे त्याच्या आत. तो उघडा, प्लंजर बाहेर काढा, बसायच्या जागी रेघ किंवा खड्डा आहे का बघा, वाळूच्या कणाएवढा कचरा जरी सीटवर बसला असेल तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची बघा. स्प्रिंगखाली जास्तीचे वॉशर घालून प्रेशर वाढवायची जी पद्धत आहे ती मला अजिबात मान्य नाही, ते डिस्ट्रीब्यूटर फिरवण्यासारखंच आहे, काटा वर जातो आणि बेअरिंग तसेच झिजलेले.

आणि दिव्यावर विश्वास ठेवू नका. ऑईलचा दिवा साधारण ५-७ पाऊंडाला (दर चौरस इंचावरचा दाब) लागतो, तोपर्यंत उशीर झालेला असतो. टी जोडून कायमचा मेकॅनिकल गेज लावा, नळीतून थेट ऑईल जातं तो, निदान तपासणीपुरता तरी लावा. माझ्या गाडीला चालताना ६० पाऊंडाच्या आसपास आणि गरम आयडलिंगला १५ च्या वर पाहिजे. ज्यांच्या गाडीचं मॅन्युअल नाही त्यांच्यासाठी मेकॅनिक लोकांचा जुना हिशोब आहे, दर १००० आरपीएमला १० पाऊंड, तो बऱ्यापैकी चालतो. पण मोजायचं गरम इंजिनावर, वीस मिनिटं गाडी चालवून, थंड इंजिनावर सगळ्यांचंच प्रेशर छान दिसतं.

पंप उघडलाच तर पंपातल्या रोटरच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून फिलर गेजने मापा, ५ थाऊपेक्षा जास्त फट असेल तर पंप बदला, हा काही फार खर्चाचा पार्ट नाही आणि परत इंजिन उतरवायचा त्रास मोठा आहे. बंद करताना आत पेट्रोलियम जेली भरा म्हणजे पंप पहिल्या फेऱ्यात ऑईल ओढतो. ग्रीस भरू नका, ते विरघळत नाही.

दुसरा सल्ला ऑईलचा. पातळ सिंथेटिक ऑईल वाईट नाही, नवीन इंजिनात उत्तमच आहे, पण ही इंजिनं त्यासाठी केलेली नाहीत. १०० डिग्री सेल्सिअसला २० ग्रेडच्या ऑईलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे गरम झाल्यावर साधारण निम्मंच जाड, आणि फट तीच ६० वर्षांपूर्वीची. म्हणून २०डब्ल्यू-५० हे अशा बहुतेक इंजिनांना योग्य, मॅन्युअलमध्ये दुसरं काही असेल तर ते बघा. आणि नुसती जाडी नाही, त्यात काय आहे ते पण महत्त्वाचं. कॅम आणि टॅपेट (कॅमवर बसून व्हॉल्व्हकडे ढकलणारा तुकडा) एकमेकांवर अगदी बारीक रेघेवर घासतात, तिथे प्रचंड दाब असतो, तिथे वाचवतं ते ऑईलमधलं झिंक आणि फॉस्फरसचं संयुग, झेडडीडीपी म्हणतात त्याला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या ऑईलमध्ये ते कमी केलं गेलं, २००४ साली एपीआय एसएम हा अमेरिकेतल्या संस्थेचा ऑईलचा दर्जा आला तेव्हा पातळ ग्रेडच्या ऑईलमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के झाली. रोलर असलेल्या नव्या इंजिनाला ते पुरतं, जुन्या सपाट टॅपेटला पुरत नाही, आणि विशेषतः नवीन कॅम टाकला असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच कॅमचा लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, झिजून गोल होऊन बसू शकतो. जुन्या गाड्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या ऑईलच्या डब्यावर झिंकचं प्रमाण बऱ्याचदा लिहिलेलं असतं, १००० पीपीएमच्या वर बघून घ्या. वेगळी बाटली आणून दुप्पट तिप्पट ओतू नका, जास्त झालं तरी नुकसान होतं.

अजून एक धोका लेखात यायला पाहिजे होता. वर्षानुवर्षं बंद असलेली किंवा साध्या ऑईलवर चाललेली गाडी असेल तर चांगलं डिटर्जंट ऑईल (आतली घाण धुवून काढणारं) टाकल्यावर आतला सगळा गाळ सुटतो आणि तो जातो सरळ जाळीकडे. म्हणून आधी चेंबर उतरवून साफ, मग नवीन ऑईल, आणि पहिलं ऑईल ५०० किलोमीटरला बदला. ऑईल गरम असताना काढा, काढलेलं ऑईल टाकून देण्याआधी उन्हात पांढऱ्या डब्यात बघा. त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, म्हणजे कॅम, टॅपेट नाहीतर चेन. चिकटत नाही पण राखाडी चमक आहे तर बेअरिंगचा वरचा थर, आणि तांब्याचा रंग दिसला तर तो थर संपून आतलं लागलंय, गाडी तिथेच थांबवा. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटर किंवा डायफ्रॅमचा पेट्रोल पंप बघा. झाकणाखाली पांढरट चिकट थर दिसला तर घाबरू नका लगेच, गाडी फक्त जवळ जवळ फिरवता म्हणून पाणी उडून जात नाही, एकदा लांब चालवून बघा, तरी राहिलं आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर मग हेड गॅस्केट.

फिल्टरबद्दल एकच. जुना डबा आणि कागदी किंवा नमद्याचा फिल्टर असेल तर वर खाचेत रबरी रिंग असते, ती काळी होऊन धातूसारखीच दिसते. लोक ती न काढता वरून नवीन बसवतात. दोन रिंगा झाल्या की एक सरकते आणि सगळं ऑईल मिनिटभरात रस्त्यावर. टाचणीने उकरून जुनी काढा आणि बोट फिरवून खाच रिकामी झाली का ते बघा.

वरच्या बाजूला रॉकर शाफ्ट, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्याच्यावर डोलतात तो दांडा. ऑईल शेवटी तिथे पोचतं, म्हणून सगळ्यात आधी तिथेच कोरडं पडतं. शाफ्ट आतून पोकळ, बारीक भोकं, ती गाळाने बंद होतात. रॉकर काढून शाफ्टची खालची बाजू बोटाने चाचपा, वरून आरशासारखी आणि खालून पायऱ्या पडलेल्या, असा शाफ्ट मी स्वतः बदललाय. आणि टॅपेट सेट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, रॉकरचं टोक जिथे व्हॉल्व्हवर बसतं तिथे खड्डा पडलेला असतो. फिलर गेजची पट्टी खड्ड्यावरून सरळ जाते, म्हणजे तुम्ही १२ थाऊ सेट केलं असं वाटतं पण खरी फट १८-२० थाऊ. मग आवाज तसाच राहतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. आधी रॉकर घासून सपाट करा नाहीतर बदला. व्हॉल्व्ह सेट करायचा क्रम लक्षात ठेवायला नऊचा नियम आहे, आठवा पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सहावा उघडा असताना तिसरा, बेरीज कायम नऊ.

हे सगळं झाल्यावर आता डिस्ट्रीब्यूटर. त्यालाही ऑईल लागतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. रोटर उपसला की शाफ्टच्या डोक्यावर स्क्रू किंवा नमदा दिसतो, तिथे दोन तीन थेंब, खाली फिरणाऱ्या वजनांवर (स्पीड वाढला की ठिणगी लवकर पाडतात ती) एक एक थेंब, आणि पॉईंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, ज्याच्यावर चालतात त्या उंचवट्यावर ग्रीसचा पुसट हात. जास्त नको, पॉईंटवर उडालं तर गाडी मिसिंग करणार. वजनं सुकून अडकली की ऍडव्हान्स वाढतच नाही, आणि मग परत कोणीतरी अख्खा डिस्ट्रीब्यूटर फिरवून बसतं. शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा, हलत असेल तर बुश गेलेत आणि पॉईंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी येणार. फट आधी सेट करायची, माझ्या गाडीत १४ ते १६ थाऊ, आणि टायमिंग नंतर, कारण फट बदलली की टायमिंग बदलतं. पॉईंटचा फायबर झिजतो, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडायला लागते, म्हणजे बऱ्याच वेळा पिकअप कमी होण्याचं कारण एवढंच असतं. टायमिंगसाठी एक छोटा बल्ब पुरतो, एक वायर डिस्ट्रीब्यूटरच्या टर्मिनलला, एक बॉडीला, इग्निशन चालू. पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर पुली फक्त सरळ दिशेने फिरवत खुणेवर आणा, पुढे गेली तर बरीच मागे घेऊन परत सरळ या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात येतो. मग डिस्ट्रीब्यूटर हळू फिरवा, पॉईंट उघडतात त्या क्षणी बल्ब लागतो, तिथेच आवळा.

ज्यांच्या गाडीत चेनच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फोक्सवॅगन बीटलमध्ये कॅम गिअरवर चालतो, चेनची कटकट नाही, पण ऑईल जेमतेम अडीच लिटर आणि फिल्टर नाही, फक्त जाळी, म्हणून दर ५००० किलोमीटरला ऑईल आणि जाळी दोन्ही. आणि टायमिंग बेल्टची जुनी गाडी असेल, १९६२ च्या ग्लास १००४ या जर्मन गाडीपासून बेल्ट आलेत, तर बेल्ट किलोमीटरवर नाही, वयावर बदला. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा बेल्टसुद्धा म्हातारा होतो, आणि पुढचं सील गळून त्यावर ऑईल आलं तर अजून लवकर. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात तिथे बेल्ट तुटला की हेडचं काम निघालंच समजा.

माझी गाडी परत चालू करताना प्लग काढून ठेवले आणि स्टार्टरवर थोडं थोडं फिरवलं, गेजचा काटा हलेपर्यंत. चौथ्या वेळेला काटा उठला आणि ४० च्या पुढे गेला तेव्हाच प्लग लावले. कॅम जुनाच होता म्हणून सरळ आयडलिंगला सोडली, नवीन कॅम असता तर पहिली वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवली असती, कारण या इंजिनात कॅमच्या लोबवर ऑईल पोचतं ते क्रँकने उडवलेलं, आणि मंद चालीला ते पुरेसं उडत नाही. डिस्ट्रीब्यूटर परत मधोमध आला, व्हॅक्यूमची नळी सैल बसली, आणि तो चढ गाडी तिसऱ्यातच चढली.

संपादक साहेब, त्या लेखमालेचा पुढचा भाग येणार आहे असं तुम्ही छापलंय. माझी एवढीच विनंती आहे की त्यात रोटर बघून चेन तपासायची ती पाच मिनिटांची पद्धत छापा, आणि ऑईलच्या ग्रेडची दुरुस्ती चौकटीत द्या, शक्य असेल तर याच रविवारी, कारण मागचा भाग वाचून कोणी ना कोणी हातात पाना घेतलेला असणार.

आपला,
एक नियमित वाचक